ग्रामसभेच्या हाती परवाना

२७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा या गोंड आदिवासींच्या गावात केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले. गाव शंभराच्या आसपास घरांचं. शेजारच्या लेखा गावाबरोबर नाव घेतलं जातं म्हणून बाहेर ते मेंढा-लेखा म्हणूनच ओळखलं जातं. त्या दिवशी ग्रामसभेच्या हाती एक कोरं पुस्तक देण्यात आलं. जंगलातून निघालेला माल बाहेर नेताना सोबत जो वाहतूक परवाना लागतो, त्याचं ते पुस्तक. वनखात्याच्या बोलीत टीपी. तो परवाना फाडून द्यायचा अधिकार तोवर वनखात्याचाच होता. बांबूसाठी तो गावाकडे येण्याची ही देशातली पहिलीच वेळ.

एका पुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला आणि मुख्यमंत्र्याला एवढ्या आडगावी यावं लागलं, यावरून त्याच्यामागे केवढा झगडा होता याची कल्पना येईल. या झगड्याकडे आदिवासींच्या हक्काची लढाई म्हणून पाहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यातली दुसरी बाजू तितकीच मोलाची वाटते. ज्या गावाला आपल्या जंगलात बाहेरच्याला ‘नाही’ म्हणता येतं, तेच गाव स्वतःलाही ‘नाही’ म्हणू शकतं. मेंढ्याचं जंगल टिकलं ते या दुसऱ्या ‘नाही’मुळे.

सुरुवात बरीच मागची आहे. चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली भागाचं, गोंड राज्य आधी भोसल्यांकडे गेलं आणि १८५४ मध्ये नागपूरच्या राज्याबरोबर इंग्रजांकडे. तरी पूर्वेकडच्या दाट रानातल्या जमीनदाऱ्या बऱ्याच अंशी तशाच राहिल्या. गोऱ्या साहेबाने १८६४ साली वनखातं उभारलं, १८७८ च्या कायद्याने देशभरच्या जंगलांवर सरकारी शिक्के बसले. पण जमीनदारीतल्या गावांना सरपण, चराई, घराला लाकूड, मांडवाला बांबू घेण्याची मुभा असे. विदर्भात याला निस्तार म्हणतात. ही काही आदर्श व्यवस्था नव्हती. जमीनदार वेठ घेत, कर घेत. तरीही जंगल आणि गाव यांच्यातलं नातं तुटलेलं नव्हतं.

ते तुटलं स्वातंत्र्यानंतर. त्या काळच्या मध्य प्रदेशाने १९५० च्या कायद्याने जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या रद्द केल्या. सुधारणा मोठी होती, हवीच होती. पण जमीनदाराचं जंगल गेलं ते सरकारकडे. गावाकडे आलं नाही. गावांचे जुने हक्क निस्तार पत्रकात नोंदवले गेले आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ते पत्रक तहसिलीच्या कपाटात पडून राहिलं. दरम्यान ज्या जंगलातून बापजादे बांबू आणत आले, तिथून चार बांबू आणले तर गार्ड अडवू लागला. कोंबडा दिला, दारू दिली, पैसे दिले की सुटका होई. आणि त्याच जंगलातला बांबू कागद कारखान्याला मात्र दीर्घ मुदतीच्या करारावर, अगदी नाममात्र दराने मिळत होता.

हा नाममात्र दर जंगलाचं काय करतो, हे समजून घ्यायचं तर थोडं दक्षिणेला जावं लागेल. सत्तरच्या दशकात कर्नाटकातल्या बुरडांनी तक्रार केली की कागद गिरण्यांनी बांबू संपवला आणि आमच्या पोटावर पाय आला. त्या तक्रारीतून परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी उत्तर कानड्यातल्या बांबूच्या रानांचा अभ्यास केला. गिरणीला बांबू पडत होता टनाला दीड रुपया. दोष गावकऱ्यांच्या तोडीला आणि गुरांना दिला जात होता. गाडगीळांनी रानात जाऊन पाहिलं तर उलटंच दिसलं. गावकरी बांबू तोडताना बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी कुंपण तसंच ठेवत. त्या काट्यांच्या आडोशाने कोवळे कोंब वाढत. गिरणीच्या ठेकेदाराची माणसं मात्र तोड सोपी व्हावी म्हणून आधी काटेच साफ करत. कोंब उघडे पडले की गुरं आणि वानरं ते खाऊन टाकत. बेट म्हातारं व्हायचं, नवा बांबू यायचा नाही. ज्याला पुढच्या वर्षी याच बेटाकडे यायचं आहे तो काटे राखतो. ज्याला दीड रुपयात टन मिळतो, त्याला एक रान संपलं की दुसरं रान असतं.

गडचिरोलीच्या जंगलात जागृतीची पहिली मोठी लाट आली ती धरणांच्या विरोधात. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं प्रस्तावित होती. कितीतरी गावं आणि अफाट जंगल पाण्याखाली जाणार होतं. बाबा आमटे यांच्यासह अनेकांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभारलं. आदिवासी हजारोंनी रस्त्यावर आले आणि दोन्ही प्रकल्प मागे पडले. मेंढ्याचे तरुण देवाजी तोफा याच काळात घडले. धरणं तर थांबली. पण रोजच्या रोज जंगल जातंय, गार्ड अडवतोय, त्याचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे राहिला.

याच सुमारास मोहन हिराबाई हिरालाल नावाचा कार्यकर्ता एका गावाच्या शोधात होता. जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेला, आई आणि वडील दोघांचीही नावं लावणारा हा माणूस ‘वृक्षमित्र’ या संस्थेतून काम करी. जिथे निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात असं गाव त्याला हवं होतं. मेंढ्यात त्याला ते सापडलं, आणि तो तिथे पुढारी म्हणून गेला नाही, अभ्यासाला गेला. देवाजी आणि मोहनभाऊ यांच्या सोबतीतून पुढे देशभर गाजलेली घोषणा निघाली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गोंडीत त्याहून थोडक्यात, मावा नाटे मावा राज.

या घोषणेचा पहिला कस लागला गोटुलाच्या निमित्ताने. गोटुल म्हणजे गोंड तरुणाईचं, आणि एका अर्थाने सगळ्या गावाचं घर. ती प्रथा मागे पडत चालली होती. गावाने ठरवलं, गोटुल पुन्हा बांधायचं. त्यासाठी जंगलातून सागवान आणलं. वनखात्याने ही चोरी ठरवली, पोलीस घेऊन आले आणि गोटुल पाडून लाकूड नेलं. मेंढ्याने हाणामारी केली नाही. आसपासच्या गावांची सभा बोलावली. ठरलं असं की प्रत्येक गावाने आपापलं गोटुल बांधायचं. एकामागून एक गावांत गोटुलं उभी राहिली. एवढी सगळी पाडायची हिंमत खात्याला झाली नाही.

मेंढ्याची खरी ताकद मात्र आंदोलनात नव्हती, अभ्यास गटात होती. कुठलाही प्रश्न आला की ज्यांना रस आहे ते बसत, बाहेरून जाणकार बोलावत, कायदे वाचत, मग विषय ग्रामसभेत येई. ग्रामसभेत प्रत्येक घरातून बाई आणि पुरुष दोघंही. मतदान नाही. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा. दारूबंदीचा निर्णय अशा चर्चेत वर्षाहून जास्त लांबला. बायकांनी तो नेटाने लावून धरला. जो ठराव पन्नास विरुद्ध तीस मतांनी होतो, तो तीस घरांना आपला वाटत नाही, आणि जंगलात तीस घरं म्हणजे तीस कुऱ्हाडी. जंगलाच्या बाबतीत सर्वसहमती ही सौजन्याची गोष्ट नाही, ती राखणीची पद्धत आहे. मोहनभाऊंनी ही गोष्ट अनेकदा मांडली आणि मला ती मेंढ्याच्या अनुभवातली सगळ्यात कमी समजली गेलेली बाब वाटते. गावाने हक्क मिळवला हे सगळे सांगतात. हक्क मिळण्याच्या कितीतरी वर्षं आधी गावाने स्वतःला शिस्त लावली होती, हे कमी सांगितलं जातं.

अभ्यास गटात वाचता वाचता ते जुनं निस्तार पत्रकही गावाच्या हाती लागलं. आपण चोर नाही, आपल्या हक्कांची सरकारी कागदावर नोंद आहे, हे गावाला कळलं. दुसरीकडे महाराष्ट्राने १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला. त्यात अट अशी की उजाड झालेलं जंगलच गावाला जोपासायला द्यायचं. मेंढ्याचं जंगल चांगलं होतं, म्हणून ते बसेना. म्हणजे ज्या गावाने जंगल राखलं त्यालाच वगळायचं! गाव भांडलं आणि चांगल्या जंगलासह योजनेत शिरलं. वनसंरक्षण समिती झाली, पाळीपाळीने राखण सुरू झाली. त्याच दशकात कागद कारखान्याच्या बांबूच्या कराराला सरकारने मुदतवाढ दिली, तेव्हा गावाने तोडीला आलेल्या माणसांना रानात शिरू दिलं नाही. आमच्या संमतीशिवाय तोड नाही, एवढंच म्हणणं.

मग स्वतःला घातलेली बंधनं आली. नव्या अतिक्रमणाची शेती जंगलात करायची नाही. चारोळी, आवळा अशा फळांसाठी झाड किंवा फांदी तोडायची नाही, तोडली तर दंड. वणवा लावायचा नाही, लागला तर सगळ्यांनी विझवायला जायचं. मध काढताना मशालीने पोळं जाळण्याची रीत सोडून, माशा न मारता मधाचा तेवढा भाग कापून घेण्याची पद्धत तरुण शिकून आले. ओढ्यांना ठिकठिकाणी दगडांचे बांध घातले. कुणी बाहेरचा अभ्यासक आला, संस्था आली, तर तिने आधी ग्रामसभेची परवानगी घ्यायची. या गोष्टी कागदावर लहान दिसतात. पण जंगलातलं नुकसान असंच लहान लहान होत जातं. आणि प्रत्येक पोळ्यामागे, प्रत्येक चारोळीमागे गार्ड ठेवणं जगातल्या कुठल्याही सरकारला शक्य नाही.

१९९६ चा पेसा कायदा आला, त्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला २०१४ उजाडवलं. निर्णायक ठरला तो २००६ चा वनहक्क कायदा. १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम जाहीर झाले. वैयक्तिक शेतजमिनीच्या पट्ट्यांपुरता हा कायदा आहे असा समज तेव्हा सगळीकडे होता, अधिकाऱ्यांमध्येही. मेंढ्याने तो नीट वाचला. कलम ३ मध्ये परंपरेने सांभाळलेल्या सामूहिक वनाचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम ५ मध्ये वन्यप्राणी, जंगल आणि जैवविविधता राखण्याची सत्ता ग्रामसभेला दिली आहे. हक्क आणि जबाबदारी एकाच कायद्यात, एकाच ग्रामसभेकडे. मेंढ्याने दावा दाखल केला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

कागद मिळाला, पण बांबू विकता येईना. वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपजात धरलं होतं. मात्र १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात केलेली, आणि त्याचा आधार घेऊन खातं परवाना देईना. ग्रामसभेने बांबू विकला तरी गावाच्या शिवेबाहेर गेला की तो चोरीचा माल. गाव हटलं नाही. विकायला काढलेला बांबू, अडवलेली वाहतूक, दिल्लीपर्यंत गेलेली पत्रं असं सगळं चालू राहिलं. मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज माना असं सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात परवान्याचं पुस्तक घेऊन ते मेंढ्यात आले. १९२७ च्या कायद्यातली दुरुस्ती व्हायला २०१७ चा वटहुकूम यावा लागला, आणि तीही वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरती.

परवान्याचं पुस्तक मिळाल्यावर पुढच्या हंगामात ग्रामसभेने निविदा काढून बांबू विकला आणि कोटीच्या घरातली रक्कम गावाच्या खात्यात आली. ग्रामसभेने पॅन कार्ड काढलं, हिशेब लिहिले, मजुरी ठरवली. कुठल्या भागात यंदा तोड करायची आणि कुठला भाग विसाव्याला ठेवायचा, हे गावच ठरवू लागलं. अनेक शहाण्यांनी भाकीत केलं होतं की आदिवासींच्या हाती पैसा आणि जंगल एकत्र दिलं तर जंगल चार वर्षांत साफ होईल. मेंढ्याने उलट २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. गावातल्या जमीनधारकांनी आपली शेती १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला देऊन टाकली. कसणारा कसतोच, मुलांकडे वारसाही जातो. पण ग्रामसभेला डावलून जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. विनोबांच्या चळवळीनंतर ग्रामदान हा शब्द लोक विसरले होते. जंगल सामूहिक आणि शेती एकेकट्याची, तर पैसेवाला एकेक शेत घेत गावात शिरेल आणि मग सर्वसहमती मोडेल, हे मेंढ्याने ओळखलं होतं.

मेंढा एकटंच असतं तर त्याला अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. गडचिरोली जिल्ह्यात त्यानंतर हजारावर गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात एवढ्या प्रमाणावर हे क्वचितच कुठे झालं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळाला. या गावाने जो निर्णय घेतला तो मला सगळ्यात धाडसी वाटतो. तेंदूपत्ता म्हणजे या भागातलं नगद पीक. पाचगावने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. पानं फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, रानाला आग लावली जाते, आणि फळ धरत नाही. तेंदूची फळं माणसांनी, पाखरांनी, अस्वलांनी खावीत. बांबूवर आमचं भागतं, असं गावाने ठरवलं. शिवाय जंगलाचा उत्तम राखलेला ३४ हेक्टरांचा एक तुकडा देवराईसारखा अलगद बाजूला ठेवला. हा निर्णय कुठल्या वनअधिकाऱ्याने लादला असता तर गावाने तो चोरून मोडला असता. सत्ता गावाकडे होती म्हणून तो पाळला गेला. पाचगावच्या जंगलाबद्दल गाडगीळांनी पुढे आवर्जून लिहिलं.

वाघ असलेल्या जंगलात हे चालणार नाही, असा आक्षेप नेहमी येतो. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी व्याघ्र प्रकल्पात २०११ मध्ये सोलिगा आदिवासींचे सामूहिक हक्क मान्य झाले. व्याघ्र प्रकल्पात असं पहिल्यांदाच घडलं. २०१० ते २०१४ या काळात तिथल्या वाघांची संख्या जवळपास दुप्पट झाल्याचं सरकारी आकडे सांगतात. ती सोलिगांमुळेच वाढली असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हक्कांमुळे घटली नाही, एवढं उघड आहे.

सगळीकडे मेंढाच झालं असंही नाही. हक्काचा कागद मिळाला पण बारा-पंधरा वर्षं अभ्यास करून घडलेली ग्रामसभा नाही, अशी गावं बरीच आहेत. तिथे ठेकेदाराने दोन-चार लोकांना हाताशी धरून बांबू उचलला. तेंदूचा भाव चढलेल्या वर्षी बोली मोठी लावली आणि भाव पडल्यावर पैसे थकवले, असंही घडलं. याला उपाय म्हणून कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली. हक्क काढून घेणं हा यावरचा उपाय खचितच नव्हे. कागद कारखान्याला दिलेल्या करारांनी किती जंगल राखलं, हे आपण पाहिलं आहे.

खरं संकट दुसरीकडून येतं आहे. त्याच गडचिरोलीच्या दक्षिणेला, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचं खाणकाम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं आहे. हा डोंगर तिथल्या माडिया गोंडांचं देवस्थान. नव्या खाणींच्या विरोधात २०२३ मध्ये तोडगट्टा इथे कित्येक गावांनी महिनोन्‌महिने ठिय्या दिला. याआधी वनजमीन खाणीला द्यायची तर वनहक्कांची पूर्तता आणि ग्रामसभेची संमती झाल्यावरच केंद्राने अंतिम मंजुरी द्यायची, अशी रीत होती. २०२२ च्या नव्या नियमांनी ते काम राज्य सरकारवर सोपवलं. म्हणजे दिल्लीची मंजुरी आधी आणि गावाला विचारणं नंतर. ज्या संमतीच्या जोरावर मेंढ्याने कागद कारखान्याला थांबवलं, तिचीच जागा खाली सरकवली गेली आहे.

मोहन हिराबाई हिरालाल जानेवारी २०२५ मध्ये गेले. गडचिरोलीच्या लोहखनिजाच्या, पोलादाच्या, हजारो कोटींच्या गुंतवणुकीच्या बातम्या आता रोज येतात. त्या वाचताना नोकऱ्या किती आणि झाडं किती, एवढं विचारून थांबू नका. त्या जंगलावर कोणत्या गावाचा सामूहिक वनहक्क आहे, आणि त्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला आहे का, तो कोणत्या तारखेला, किती बाया-पुरुषांच्या समोर झाला, हे विचारा. आपल्या आमदाराला विचारा, जिल्हाधिकाऱ्याला माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारा. हा ठराव सार्वजनिक कागद आहे आणि तो मागायचा अधिकार तुम्हाला आहे.